बुद्ध हसला नव्हता

मे २०२५ मधली गोष्ट. सीमेवर लढाई सुरू होती आणि आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेची तयारी. बायका खीरदानासाठी दूध किती लागेल याचा हिशोब करत होत्या, पोरं पंचरंगी पताका बांधत होती. त्यातला एक विशीतला मुलगा शिडीवरून उतरला, मोबाईलवरचा व्हिडिओ मला दाखवला आणि म्हणाला, "ताई, एकदाच अणुबॉम्ब टाकायचा आणि विषय संपवायचा." त्याच्या मागे तथागतांची मूर्ती होती. मुलगा वाईट नाही. बारावी पास आहे, रक्तदान शिबिरात पहिला नंबर त्याचाच असतो. बॉम्ब पडला म्हणजे टीव्हीवर मोठा धूर दिसतो आणि शत्रू संपतो, एवढंच त्याला ठाऊक आहे. त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर देऊ शकले नाही. ते आज इथे देते.

जळीत वॉर्डातून बघा

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी बरीच वर्षं सरकारी दवाखान्यात काढली. त्यातली काही जळीत वॉर्डात. स्टोव्हच्या भडक्याने निम्मं अंग भाजलेली बाई आली की तिच्या एका ड्रेसिंगला दोन माणसं आणि तासभर वेळ लागतो. सलाईन, अँटिबायोटिक, जंतुसंसर्गाची भीती, आणि रात्रभर पाण्यासाठी चाललेला तिचा धावा. एका पाळीत असे तीन पेशंट आले तर आमचे हात अपुरे पडायचे.

६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर एक बॉम्ब पडला. त्या वर्षाअखेर सुमारे १ लाख ४० हजार माणसं मेली होती. तीन दिवसांनी नागासाकीवर दुसरा पडला, तिथे सुमारे ७० हजार. हे आकडे शाळेच्या पुस्तकातही असतात. पण नर्स म्हणून मला दुसराच आकडा टोचतो. हिरोशिमातले शंभरातले नव्वद डॉक्टर आणि नर्स मेले किंवा जखमी झाले. म्हणजे भाजलेली माणसं हजारोंनी, आणि त्यांच्या तोंडात पाणी घालायला कोणी नाही. दवाखाना, औषधांचं गोदाम, ॲम्ब्युलन्स, सगळं एकाच क्षणात गेलं. आपल्या शहरात दवाखान्यातली खाट मिळवायला नगरसेवकाची चिठ्ठी लागते. तिथे असं काही झालं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

न दिसणारी जखम

भाजणं दिसतं. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. तो आपल्या पेशीच्या आत जाऊन तिचा मूळ आराखडा, म्हणजे डीएनए, तोडतो. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना मार जास्त बसतो. हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं. आतड्याचं अस्तर. लहान मुलं. पोटातलं बाळ. मोठा डोस बसला तर आधी उलट्या होतात, मग दोन-चार दिवस माणूस बरा वाटतो, आणि नंतर केस गळतात, हिरड्यांतून रक्त येतं, अंगात जंतूंशी लढायची ताकद राहत नाही. डोस कमी असेल तर त्याचा परिणाम वर्षांनी कळतो. हिरोशिमातल्या मुलांना रक्ताचा कॅन्सर बॉम्बनंतर काही वर्षांनी होऊ लागला. त्या वेळी गरोदर असलेल्या काही स्त्रियांची मुलं लहान डोकं आणि मंद बुद्धी घेऊन जन्माला आली.

जे वाचले त्यांना जपानमध्ये 'हिबाकुशा' म्हणतात. त्यांच्याशी लग्न करायला लोक तयार नसत, नोकरी देताना मागे सरत. बॉम्बनंतर गर्भ राहिलेल्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचं अनेक वर्षांच्या अभ्यासातही दिसलेलं नाही. तरी कलंक चिकटला तो चिकटलाच. माणसाच्या अंगाला न दिसणारा विटाळ लावून त्याला दूर ठेवणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. याच हिबाकुशांच्या 'निहोन हिदांक्यो' या संघटनेला २०२४ चा शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला.

बॉम्ब वेगळा, वीज वेगळी?

आपल्याला सांगितलं जातं की बॉम्ब वाईट, पण अणुवीज स्वच्छ. मुळाशी जाऊन बघू. मुंबईत तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, कॅनडाच्या मदतीने 'सायरस' नावाची अणुभट्टी उभी राहिली. करार शांततेच्या कामासाठी होता. त्याच भट्टीतल्या प्लुटोनियमने १८ मे १९७४ ला पोखरणमध्ये स्फोट झाला. त्याचं सांकेतिक नाव जगभर गाजलं, 'स्मायलिंग बुद्धा', हसरा बुद्ध. पुढे ११ मे १९९८ ला पुन्हा पोखरणमध्ये स्फोट झाले, तो दिवस बुद्धपौर्णिमेचा होता. ज्यांनी पहिलं शील हिंसेपासून दूर राहण्याचं दिलं, त्यांचं नाव आणि त्यांचा दिवस बॉम्बला. आपल्या समाजातून तेव्हा यावर जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही, असं माझं मत आहे.

आता विजेच्या भट्टीचं बघा. चूल विझवली तरी निखारे धगधगत राहतात, तशी अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन तापतच राहतं. त्याला पाण्याने सतत थंड ठेवावं लागतं, आणि पाणी फिरवायला वीज लागते. ११ मार्च २०११ ला जपानमध्ये फुकुशिमा इथे त्सुनामीने ही वीज गेली आणि तीन भट्ट्यांतलं इंधन वितळलं. दीड लाखांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. किरणोत्सर्गाने थेट मेलेले जवळजवळ नाहीत, हे खरं आहे आणि ते मान्य केलं पाहिजे. पण अंथरुणाला खिळलेल्या पेशंटना बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवलं. एका इस्पितळातले आणि त्याला जोडलेल्या वृद्धाश्रमातले मिळून चाळीसहून अधिक जण त्यात दगावले. हा आकडा वाचताना मला आमच्या वॉर्डातले लकवा झालेले पेशंट आठवतात.

त्याआधी २६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची भट्टी फुटली. जवळच्या प्रिप्यात शहरातल्या लोकांना हलवायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली. हवेतलं किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गवत गाईने खाल्लं, दूध मुलांनी प्यायलं. हे आयोडीन गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीत साठतं. तेव्हा अठराच्या आत असलेल्यांपैकी ६००० हून अधिक जणांना २००५ पर्यंत थायरॉईडचा कॅन्सर झाल्याची नोंद आहे, आणि त्यात त्या दुधाचा वाटा मोठा होता. बहुतेक वाचले. पण गळ्यावर ऑपरेशनचा व्रण आणि जन्मभराची गोळी घेऊन वाचले.

आणि लढाईत ही भट्टी काय होते? युक्रेनमधला झापोरिझ्झिया हा युरोपातला सर्वात मोठा अणुवीज प्रकल्प. मार्च २०२२ मध्ये रशियन सैन्याने गोळीबार करत तो ताब्यात घेतला. नंतर कितीतरी वेळा त्याची बाहेरची वीज तुटली आणि डिझेल जनरेटरवर भट्ट्या थंड ठेवाव्या लागल्या. जून २०२३ मध्ये ज्या धरणाच्या जलाशयातून त्याला पाणी मिळायचं ते धरणच फुटलं. शत्रूच्या जमिनीवर असा प्रकल्प असेल तर वेगळा बॉम्ब न्यायची गरजच नाही. हे आपल्या आणि पाकिस्तानच्या सरकारलाही माहीत आहे. म्हणून ३१ डिसेंबर १९८८ ला दोघांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला आणि दर १ जानेवारीला त्यांच्या याद्या ते एकमेकांना देतात. ७ मे २०२५ ला सायरनचा सराव झाला तेव्हा महाराष्ट्रात पहिल्या वर्गात मुंबई, उरण आणि तारापूर होतं. तारापूरला १९६९ पासून अणुवीज केंद्र आहे.

किंमत कोण देतं

झारखंडमधल्या जादुगोड्याच्या खाणीतून युरेनियम काढलं जातं. तिथली गावं संथाळ, हो अशा आदिवासींची. खाणीचा उरलेला गाळ त्यांच्याच वस्त्यांजवळच्या तलावात साठवला जातो. जन्मजात व्यंग आणि वांझपणाच्या तक्रारी तिथल्या बाया वर्षानुवर्षं करतात, कंपनी त्या नाकारते. तारापूरच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. १९७६ साली, आणीबाणीत, ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्राला लागून असलेली जनता कॉलनी बुलडोझरने पाडली आणि हजारो कुटुंबं चीता कॅम्पच्या दलदलीत नेऊन टाकली. जैतापूर प्रकल्पाला विरोध करताना एप्रिल २०११ मध्ये साखरी नाट्याजवळ पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार गेला. खाण, विस्थापन, सफाई, भंगार, प्रत्येक टोकाला आपल्यासारखीच माणसं दिसतात.

भंगाराचं विशेष सांगते, कारण वस्तीतली कितीतरी घरं त्यावर चालतात. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात दोन भंगारवाल्यांनी बंद पडलेल्या दवाखान्यातलं कॅन्सरच्या उपचाराचं यंत्र उचललं. ते फोडल्यावर आतून निळी चमकणारी पूड निघाली. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली गेली, एका सहा वर्षांच्या मुलीने ती अंगाला लावली. ती मुलगी धरून चौघं मेली. एक लाखाहून जास्त लोकांना तपासावं लागलं. तिचं दफन करू नये म्हणून जमावाने दगड मारले. आपल्याकडेही एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात प्रयोगशाळेचं लिलावात आलेलं जुनं यंत्र कापलं गेलं. आत कोबाल्ट होतं. कामगारांची कातडी काळी पडली, एक जण दगावला. यंत्र लिलावात काढणारे शिकलेले होते. ते कापणाऱ्याला आत काय आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

रोहिणीचं पाणी

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं जे कारण दिलं ते प्रत्येक बौद्ध घरात माहीत असायला हवं. म्हातारा, रोगी, प्रेत अचानक दिसलं म्हणून ते घराबाहेर पडले नाहीत. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांच्या नोकरांमध्ये मारामारी झाली. रक्त सांडलं ते नोकरांचं, आणि युद्धाचा ठराव मांडला सेनापतीने. सिद्धार्थ म्हणाले, आधी चौकशी करा, दोन्हीकडची माणसं नेमा, चूक कोणाची ते बघा. बहुमताने ते हरले. तरी मागे हटले नाहीत, तेव्हा त्यांच्या कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्तीची धमकी आली. मग त्यांनी परिव्रज्या घेतली.

युद्धाचा स्वभाव अडीच हजार वर्षांत बदललेला नाही. भांडण पाण्याचं, जमिनीचं, खुर्चीचं. ठराव वरच्यांचा. जखम खालच्यांची. आणि चौकशी करा म्हणणाऱ्याला देशद्रोही ठरवून बहिष्कार. अणुबॉम्बने फक्त एवढं केलं की जखम पुढच्या पिढ्यांपर्यंत नेली. प्लुटोनियम निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात.

कोणी म्हणेल, ताई विजेच्या विरोधात आहेत. नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना वीज आणि पाण्याचं नियोजन त्यांच्याकडेच होतं. वीज गरिबाला हवीच. कोळशाची राख आणि धूर काय करतो ते चंद्रपूरच्या लोकांना विचारा, तोही काही निर्मळ मार्ग नाही. पण देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे. तेवढ्यासाठी हा धोका, ही विस्थापनं आणि हजारो वर्षं सांभाळावा लागणारा कचरा घ्यायचा का, हा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला आहे.

घरी लक्षात ठेवा

एक्स-रे किंवा कॅन्सरच्या शेकाला घाबरू नका. तो मोजून दिलेला डोस असतो. छातीच्या एका एक्स-रेचा डोस अगदी थोडा असतो. टीबीची तपासणी भीतीपोटी टाळाल तर नुकसान तुमचंच. मात्र गरोदर असाल तर आधी सांगा.

भंगारात पिवळ्यावर काळं तीन पात्यांचं चिन्ह असलेलं किंवा आकाराच्या मानाने फार जड, शिशाचं आवरण असलेलं यंत्र आलं तर कापू नका, फोडू नका, घरात आणू नका. लांब व्हा, मुलांना दूर करा, पोलिसांना कळवा.

अपघाताची सूचना आली तर पक्क्या घरात जा, दारं-खिडक्या लावा. बाहेरून आलेल्याचे कपडे उतरवून पिशवीत बांधून दूर ठेवा, साबण-पाण्याने अंघोळ घाला. उघड्यावरचं पाणी, पालेभाजी, दूध घेऊ नका. आयोडीनच्या गोळ्या सरकारने सांगितल्यावरच घ्या, त्या फक्त थायरॉईडला वाचवतात. मीठ जास्त खाऊन काही होत नाही.

आणि त्या मुलाला, त्याच्या सगळ्या मित्रांना एक सांगणं. यंदा बुद्धपौर्णिमेला खीर वाटून झाली की अर्धा तास थांबा. रोहिणीची गोष्ट त्या ग्रंथातून मोठ्याने वाचा, आणि मग विषय संपवण्याबद्दल बोलू. मी येईन, जळीत वॉर्डातलं सांगायला.

नमो बुद्धाय, जयभीम.