पहारेकऱ्याला चष्मा लावू नका

जुना गेम नव्या कन्सोलसाठी पुन्हा घडवायला घेतला की सगळ्यात आधी सुधारतात ते नायकाचे केस. मग पाणी, मग झाडांची पाने, मग चिखल. २८ ऑगस्ट २०२५ रोजी कोनामी कंपनीने ‘मेटल गिअर सॉलिड डेल्टा : स्नेक ईटर’ बाजारात आणला, तेव्हा त्यातला चिखल पाहून बसल्या जागी आपलीच चप्पल झटकावीशी वाटावी, अशी त्याची तयारी होती. मूळ गेम २००४ चा, प्लेस्टेशन २ वरचा. मूळ कर्ता हिदेओ कोजिमा २०१५ मध्येच कंपनीतून बाहेर पडलेला. तरी कंपनीने सिंगापूरच्या व्हर्चुओसला हाताशी धरून, जुनेच आवाज ठेवून, प्लेस्टेशन ५ साठी सगळे नव्याने रंगवले. रंगवा, आमची हरकत नाही. आमची काळजी आहे ती पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची.

लपतछपत खेळायच्या गेमचा, म्हणजे पोरे ज्याला ‘स्टेल्थ’ म्हणतात त्याचा, खरा नायक पहारेकरीच असतो. त्याला किती लांबचे दिसते, तो किती वेळाने वळतो, खुट्ट झाले तर बघायला येतो की जांभई देतो, संशय आला तर तो किती वेळ धरून ठेवतो, यावर अख्खा खेळ तोललेला असतो. आणि हा पहारेकरी जन्मापासून अधू आहे. १९८७ साली कोजिमाला एमएसएक्स २ या घरगुती संगणकासाठी युद्धाचा गेम करायला सांगितले गेले. त्या यंत्राची ऐपत बेताची. एका वेळी पडद्यावर फार सैनिक आणि फार गोळ्या हलवणे त्याला झेपेना. तेव्हा लढाई करण्याऐवजी ती टाळणारा माणूस दाखवण्याची युक्ती कोजिमाने काढली आणि पहिला ‘मेटल गिअर’ आला. आज कोट्यवधी लोक खेळतात तो हा प्रकार अशा फाटक्या खिशातून वाढला.

१९९८ मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या ‘मेटल गिअर सॉलिड’मध्येही ते उणेपण मुरवून घेतलेले होते. अलास्काजवळचे एक बेट, त्यावर शत्रूचा तळ आणि पाण्याखालून पोहत येणारा एकटा नायक. बाहेर बर्फ. त्यात पावले उमटतात, आणि पहारेकरी त्या ठशांचा माग काढत येतो. भिंतीला पाठ लावून बोटांनी टकटक केली की तो आवाजाच्या दिशेने निघतो. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने सटकायचे. कॅमेरा वर टांगलेला. नायकाच्या डोळ्यांतून आजूबाजूला पाहता येई, पण साधे पिस्तूल त्या नजरेने रोखता येत नसे. म्हणजे पहारेकरी अधू आणि नायकही अधू. दोघांची उणी एकमेकांना बरोबर पुरत होती, म्हणून तर छातीत धडधड होत असे.

मग २००४ मध्ये हाच गेम निन्टेंडोच्या गेमक्यूबवर ‘द ट्विन स्नेक्स’ या नावाने नव्याने आला. घडवला कॅनडाच्या सिलिकॉन नाइट्सने, कोनामीच्या देखरेखीखाली. चेहरे सुधारले, हालचाली सुधारल्या. मधल्या प्रसंगांसाठी र्‍युहेई कितामुरा हा चित्रपट दिग्दर्शक आणला, त्याने नायकाला कोलांट्याउड्या मारायला लावल्या. इथवर ठीक. पण दुसऱ्या भागात आलेली, नायकाच्या डोळ्यांतून नेम धरण्याची सोयही या पहिल्या भागात बसवली, वर झोप आणणाऱ्या सुया मारणारे पिस्तूल दिले. खोल्या मात्र जुन्याच ठेवल्या. ज्या आवारात पहारेकऱ्याच्या पाठीमागून श्वास रोखून सरकायचे, तिथे आता कोपऱ्यात उभे राहून एकेकाच्या कपाळात सुई मारली की आवार मोकळे. कुणाला चकवायची गरजच उरली नाही.

संगीत नाटक नव्या संचात उभे करताना पदे कमी केली तरी प्रेक्षक सोसतो. पण नायिकेला पहिल्याच अंकात पत्र मिळू दिले तर पुढचे दोन अंक कशासाठी करायचे? तसे हे झाले.

‘डेल्टा’ने यातून काही धडा घेतलेला दिसतो. खांद्यामागचा नवा कॅमेरा दिला, पण हवा त्याला वरून पाहणारा जुना कॅमेराही ठेवला. नेम सोपा केला, पण लांबवर मारलेली सुई वाटेत खाली झुकेल अशी खोट मुद्दाम घातली. अशा खोटी घालायला अक्कल लागते. काहींना हा गेम फारच आज्ञाधारक वाटला, जुन्याची नक्कल वाटली. असेल. पण ज्या गेममध्ये एका म्हाताऱ्या नेमबाजाशी लढायचे नसेल तर खेळ जतन करून आठवडाभर गप्प बसा, तो आपसूक वयाने मरेल, अशी तिरपागडी सोय २००४ मध्येच होती, त्यात सुधारायला जाणारा माणूस धाडसीच म्हणायचा.

रायगडच्या किनाऱ्यावर बसून जपानी गेमची उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. तर या किनाऱ्याला हा खेळ नवा नाही. आधी अलीकडचे सांगतो. सायबर कॅफेचा जमाना होता तेव्हा अलिबाग, पेण, रोहा, महाड इथल्या पोरांनी जो एक गेम घासून घासून खेळला तो ‘प्रोजेक्ट आयजीआय’. २००० सालच्या डिसेंबरात नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओने केलेला. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा माणूस, तारेचे कुंपण, दुर्बीण, आणि कॅमेऱ्यात दिसलात की भोंगा वाजून बराकीतून धावत येणारे सैनिक. या स्टुडिओने आधी लढाऊ विमानाचा गेम केला होता; तेच इंजिन वापरल्यामुळे इथली मैदाने नजर पोचेल तिथवर पसरलेली. पहारेकरी मात्र दिव्य. शेजारचा पडला तरी थोड्या अंतरावरचा ढिम्म. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मोहीम सुरू झाली की मध्ये कुठेही ‘सेव्ह’ नाही. पंचवीस मिनिटे सरपटत गेल्यावर शेवटच्या फाटकाशी गोळी लागली की पुन्हा पहिल्या टेकडीवर. तासाचे पैसे मोजून खेळणाऱ्या पोराला हे फारच महाग पडे. पण त्या पिढीला सबुरी शिकवण्यात त्या एका उणिवेचा वाटा आहे, असे आमचे ठाम मत आहे. २०१९ मध्ये ‘आयजीआय ओरिजिन्स’ नावाने त्याची पूर्वकथा जाहीर झाली. ती काही आली नाही.

आता जुने. १६७९ च्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी खांदेरीवर उतरला आणि तटाचे काम सुरू केले. थळच्या समोरचे, मुंबई बंदराच्या तोंडावरचे हे बेट. इंग्रजांनी जहाजे आणून बेट अडवले. त्यांच्याकडे तोफा होत्या, ‘रिव्हेंज’सारखे लढाऊ जहाज होते, रिचर्ड केजविनसारखा दर्यावर्दी होता. पण मोठ्या जहाजाला वारा लागतो आणि पोटाखाली पाणी लागते. मराठ्यांची होडकी वल्ह्यांवर चालायची, उथळ पाण्यात शिरायची, नागावच्या खाडीत नाहीशी व्हायची आणि अंधारात माणसे नि शिधा घेऊन बेटाला लागायची. १८ ऑक्टोबरला उघड लढाईही झाली, इंग्रजांचे ‘डव्ह’ नावाचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. पण खांदेरी टिकली ती रात्रीच्या या फेऱ्यांवर. जानेवारी १६८० पर्यंत इंग्रज वेढा उठवून गेले. पहारेकरी बलाढ्य होता, पण त्याला काय दिसत नाही आणि तो कुठे पोचू शकत नाही, हे समोरच्याला पाठ होते. कोजिमाने संगणकाला जे शिकवले ते हेच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. त्यावर भाषणे पुष्कळ झाली. त्या अंधारातल्या फेऱ्यांबद्दल कुणी बोलल्याचे आमच्या कानावर नाही.

याच किनाऱ्याने दुसऱ्या प्रकारचा लपाछपीचा खेळही पाहिला आहे. गेममध्ये पहारेकरी पाठ फिरवेपर्यंत वाट पाहावी लागते. फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला स्फोटके उतरली तेव्हा वाट पाहावी लागली नाही. पाठ फिरवण्याचे पैसे आधीच पोचले होते. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. कस्टम आणि पोलीस खात्यातल्या लोकांना पुढे शिक्षा झाल्या. आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला तीन एके-४७ रायफली असलेली एक बोट येऊन लागली, तीत माणूसच नव्हता. भरकटत आली होती. तीसुद्धा किनाऱ्याला लागेपर्यंत कुणाला दिसली नाही. गेममधल्या पहारेकऱ्याला आंधळा म्हणून हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मग असे गेम आपल्याकडे का घडत नाहीत? हात नाहीत म्हणून नक्कीच नव्हे. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, मुंबईत २०१८ पासून. सप्टेंबर २०२० मध्ये कंपनीने २००३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक जाहीर केला. तो घडत होता पुण्यात आणि मुंबईत. हा काही लपाछपीचा गेम नव्हे, पण एवढा नावाजलेला जुना गेम नव्या कन्सोलसाठी मराठी मुलखात घडतो आहे, हेच मोठे होते. पहिली झलक आली आणि जगभरच्या खेळाडूंनी चेहरे पाहून खिल्ली उडवली. तारीख जानेवारी २०२१ ची होती, ती मार्चवर गेली, मग बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला हलवले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने गाशाच गुंडाळला. पुण्या-मुंबईला जमले नाही असे तेव्हा म्हणणाऱ्यांनी मॉन्ट्रियललाही ते पार पाडता आले नाही, हे मोकळेपणाने म्हणायला हवे. मुंबईच्या चाळी-झोपड्यांतून लपतछपत जाण्याचा खेळ रचणेही शेवटी डेन्मार्कच्या कंपनीला सुचले, २०१८ च्या ‘हिटमॅन २’मध्ये.

घडवायला मुरूडसमोर जंजिरा उभा आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने निघालात तर अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा कुठे आहे ते कळत नाही. गेम रचणाऱ्याने डोके खाजवून काढली असती अशी ही जागा आयती तयार आहे. घड्याळही आयते आहे. अमावास्येला इथे मध्यरात्रीच्या सुमारास पुरती भरती असते आणि पहाटेपर्यंत सुकती लागते, हे कोळ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. सगळ्यात काळोखी रात्र आणि तटाला भिडलेले पाणी एकाच वेळी. मग हळूहळू पाणी उतरते, खडक वर येतात, उजाडू लागते. अष्टमीला भांगाचे पाणी, चंद्र अर्धा, हिशेब वेगळा. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे मोजत बसणारे घड्याळ घालायची गरजच नाही.

आणि कथा आहे लाय पाटलाची. १६७६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी जंजिऱ्याला मोर्चे लावले. पद्मदुर्गाकडच्या या कोळी सरदाराने रात्री सिद्दीच्या तटाला शिड्या लावून द्यायच्या आणि मोरोपंतांच्या माणसांनी येऊन चढायचे, असा बेत. लाय पाटील गेला, कुणाला न कळता शिड्या लावल्या आणि थांबला. मोरोपंतांची माणसे आली नाहीत. उजाडू लागले तसा शिड्या काढून तो परत फिरला. महाराजांनी त्याला पालखी दिली, दर्यावरच्या माणसाला पालखीचा काय उपयोग म्हणून त्याने ती नाकारली, तेव्हा ‘पालखी’ नावाचे गलबतच त्याला बांधून दिले, असे सांगतात. हरलेल्या मोहिमेचा मान.

आता आपल्याकडच्या एखाद्या निर्मात्याच्या हाती ही कथा लागली तर काय होईल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. लाय पाटील एकटाच पन्नास हबशी लोळवील, मशालीच्या उजेडात संथ गतीने गर्जना करील, मोरोपंत ऐन वेळी ढोलताशांसह हजर होतील, आणि जंजिऱ्यावर भगवा फडकेल. ज्या माणसाची सगळी करामत आवाज न करण्यात होती, त्याच्या तोंडी घोषणा येतील. ‘ट्विन स्नेक्स’ने पिस्तुलाने जे बिघडवले, ते इथे घोषणांनी बिघडेल.

म्हणून पुण्या-मुंबईतल्या, आणि कुणी असतील तर अलिबागच्याही, गेम करणाऱ्या तरुणांना आमची विनंती. पाणी हवे तितके खरे करा, केस हवे तितके उडवा. सिद्दीच्या पहारेकऱ्याला मात्र जेवढे दिसत असेल तेवढेच दिसू द्या. आणि शेवटच्या मोहिमेत कुमक पाठवू नका. खेळाडूने शिड्या लावाव्यात, वाट पाहावी, मग एकेक शिडी काढून, सगळी माणसे सांभाळत, उतरत्या पाण्यातून पद्मदुर्गाला परत यावे. त्या परतीच्या वाटेवर ‘सेव्ह’ ठेवू नका.