नोकऱ्यांची यादी फळ्यावर लावा

पनवेल एसटी स्थानकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात परवा ही गर्दी! पोरांच्या हातात आयटीआयची मार्कशीट आणि आजोबांच्या नावाचा, घड्या पडून मऊ झालेला प्रकल्पग्रस्त दाखला. दुकानदार म्हणाला, लग्नसराईतही पत्रिकांपेक्षा बायोडेटाच जास्त निघतात. उलवे, कोंबडभुजे, चिंचपाडा अशी दहा गावं नवी मुंबई विमानतळासाठी उठली आणि ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं. आता विमानतळाभोवतीच्या ‘नैना’ या नियोजित शहरात शेतकऱ्याला जमिनीच्या ४० टक्के भूखंड परत मिळणार. भूखंड विकून पैसे येतील, पण भातशेती गेलेल्या घरातल्या मुलीनं पुढची तीस वर्षं काय करायचं? आधी प्रशिक्षण, मग रस्ते. आणि कोणत्या गावातल्या कितीजणांना कायम नोकरी लागली, ती यादी दर तीन महिन्यांनी गावच्या फळ्यावर लागलीच पाहिजे. कंत्राटी हाउसकीपिंगची भरती त्यात धरायची नाही.