धारपांचे भूत आणि पंडितांचे सोवळे

पुण्याचे नारायण धारप (१९२५–२००८) यांचे नाव निघताच आमचे पंडित नाक मुरडतात. ‘लुचाई’ ही स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वरून घेतलेली, हा त्यांचा मुख्य आक्षेप. ऋण उघड सांगावे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, तेव्हा राजाचे पिशाच मराठीत आलेच ना? बुद्धिवाद्याने आणलेले भूत तेवढे कुलीन, आणि विज्ञानाच्या या पदवीधराने आणलेले हलके! शिवाय धारपांचा ‘समर्थ’ अघोरी शक्तींशी झुंजतो तो साधनेच्या बळावर. त्यात विलायती ते काय? त्यांच्या कादंबऱ्या वाचनालयांतून पाने सुटेपर्यंत फिरल्या. त्या नेणाऱ्यांत आमचे काही सहाध्यापकही असत. वर्तमानपत्रात गुंडाळून नेत, एवढेच.