घामाची मुळी मागवण्याआधी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आणि आजूबाजूच्या वाचकांना एक सांगणं आहे. घाम बंद करणाऱ्या चिनी मुळ्यांच्या पुड्या आता मोबाइलवर बोट ठेवलं की घरपोच येतात. मेन रोडवरचा ओळखीचा औषधवाला निदान ‘कुणासाठी पाहिजे?’ एवढं तरी विचारतो. पुडी काही विचारत नाही. म्हणून ती मागवण्याआधी आपला घाम कसला आहे ते बघा, आणि मुळी पोटात घ्यायची असेल तर आधी थांबा.

चिनी वैद्यकाला नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाही. त्यांच्या जुन्या ग्रंथातल्या एका वनस्पतीचा माग काढत तू यूयू या संशोधक बाईंनी मलेरियावरचं औषध शोधलं आणि २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. घामावरही त्या वैद्यकात बरंच काही आहे. हुआंगची नावाची पिवळसर मुळी त्यातली मुख्य. शिवाय पाण्यात टाकल्यावर वर तरंगणारे पोचट गहू ते रात्रीच्या घामावरच्या काढ्यात घालतात. आपल्याकडे गहू धुताना वर आलेले असले दाणे कोंबड्यांपुढे जातात. असो, गव्हाने कुणाचं फारसं बिघडायचं नाही.

खरी गोम आहे ती माहुआंग या झुडपात. त्याच्या मुळाने घाम थांबतो आणि त्याच्याच काड्यांनी घाम सुटतो, असं चिनी वैद्य शतकानुशतकं सांगत आले. काड्यांत एफेड्रिन असतं. त्याने छाती धडधडते, रक्तदाब वाढतो. हे झुडूप घातलेल्या वजन घटवण्याच्या गोळ्यांमुळे हृदयविकाराच्या तक्रारी आणि मृत्यू समोर आले, तेव्हा अमेरिकेने २००४ मध्ये त्या विकायला बंदी केली. आता सांगा, एकदा कुटून पूड केल्यावर त्यात मूळ किती आणि काडी किती, हे घरी बसून कसं ओळखणार?

नावाच्या गोंधळाने याहून मोठा घात केला तो बेल्जियममध्ये. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या वजन घटवण्याच्या एका क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात. फांगजी ही वनस्पती हवी होती, मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच आत गेली. शंभरावर जणांची, बहुतेक बायकांची, मूत्रपिंडं बिघडली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कॅन्सरही निघाला. तिथे तर डॉक्टर होते, दवाखाना होता. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या कक्षेत आयुर्वेद, योग, निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा आणि होमिओपॅथी येतात. चिनी वैद्यक त्यात नाही. काही बिघडलं तर दाद कुणाकडे मागणार?

‘मग आपलं आयुर्वेदिक घेतो’ असं कुणी म्हणेल. जरूर, पण तेही नीट समजून. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, कुठल्या कामाला कोणतं द्रव्य श्रेष्ठ याची मोठी यादी आहे. दाह, त्वचेचे दोष आणि घाम घालवणाऱ्या लेपांत लामज्जक हे सुगंधी गवत आणि वाळा श्रेष्ठ, असं तिथे म्हटलंय. म्हणजे हे सांगणं अंगाला लावण्याबद्दलचं आहे. भावप्रकाश या ग्रंथात कुळीथ घाम आवरणारा सांगितलाय. कुळथाचं पीठ अंगाला चोळायची रीत जुनीच आहे. वाळ्याची जुडी धुऊन माठात टाका, दोन-तीन दिवसांनी बदला. वाळ्याचा लेप लावा. त्याने गार वाटेल, वास कमी होईल. कुळथाचं पीठ वरचा ओलावा टिपून घेईल. घामाच्या ग्रंथी मात्र आपलं काम चालू ठेवतील, त्यामुळे त्याहून जास्त अपेक्षा धरू नका.

आता मुख्य गोष्ट. तालमीत घाम गाळण्याला मान देणारं आपलं गाव. तांबडा रस्सा ओरपताना कपाळाला घाम फुटला नाही, तर वाढणाऱ्यालाच चुकल्यासारखं वाटतं. असल्या घामाला औषध नको. पण रात्री झोपेत कपडे भिजत असतील, सोबत बारीक ताप, दोन आठवड्यांवर खोकला किंवा वजनात घट असेल, तर पुडीत दिवस घालवू नका. तो क्षयरोग असू शकतो. सीपीआर रुग्णालयात किंवा महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात जा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं फुकट आहेत, आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये खात्यावर जमा होतात. लोकलाजेने पुडी बरी वाटते, हे मला कळतं. त्या लाजेत घरातली बाकीची माणसं आजारी पडतात.

आजोबांना अचानक गार घाम सुटला, छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर पीठ चोळत बसू नका. १०८ लावा. मधुमेहावर गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम येऊन हात थरथरू लागले, तर शुद्धीवर असेपर्यंत लगेच साखर-पाणी द्या. चाळिशीनंतर नव्याने घाम सुरू झाला तर थायरॉइड तपासून घ्या. बायकांत पाळी जाण्याच्या वयातही असं होतं. चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा, कारण काही मानसिक आजारांवरच्या गोळ्यांनीही घाम वाढतो.

उरतात ती ज्यांचे तळहात, तळपाय, काखा लहानपणापासून ओल्या राहतात अशी माणसं. दोन्ही बाजूंना सारखाच घाम, झोपेत बंद, बऱ्याचदा घरात आणखी कुणाला तरी तसाच. याने जीव जात नाही, पण जगणं अवघड होतं. कोल्हापुरी चप्पल पायातून सटकते, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उठत नाही, लग्नाच्या बोलणीत मुलगी हात लपवते. यावर त्वचारोगतज्ज्ञांकडे इलाज आहेत. ॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण हा पहिला. रात्री झोपताना अगदी कोरड्या त्वचेवर लावायचं, सकाळी धुवायचं. ओल्या किंवा नुकत्याच दाढी केलेल्या त्वचेवर ते चरचरतं. त्याने भागलं नाही तर पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देणारं यंत्र, गोळ्या, बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत. छातीतली नस कापण्याची शस्त्रक्रिया मात्र सगळ्यांत शेवटी, कारण त्यानंतर पाठीला-पोटाला घाम वाढल्याची तक्रार बरेच जण करतात. घाई करू नका, दोन ठिकाणी विचारा.

आणि शाळांतल्या शिक्षकांना एक विनंती. ओल्या हातांच्या मुलाची उत्तरपत्रिका भिजते, शाई फुटते. तो घाबरलेला नसतो, त्याने कॉपीही केलेली नसते. त्याला परीक्षेत जवळ कोरडा हातरुमाल आणि हाताखाली जादा कोरा कागद ठेवू द्या, आणि पालकांना बोलवाल तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांचं नाव काढा.