'गरुडझेप' कुणाची?

आकाशातून कुणी उडी मारली की मराठीत तिची 'गरुडझेप' होते. गरुड वर जातो, उडी मारणारा खाली येतो. ज्या भाषिक सवयीला एवढी साधी दिशाही दिसत नाही, तिच्याविरुद्ध हे टिपण आहे. ही सवय वर्तमानपत्रांनी लावली असे म्हणून आपण मराठीचे अध्यापक मोकळे होतो. पण सत्काराची मानपत्रे कोण लिहून देतो? निबंधातल्या 'उत्तुंग भरारी'ला आणि 'यशोशिखरा'ला गुण कोण देतो?

एक उदाहरण घेऊ. ऑस्ट्रियाचा फेलिक्स बाउमगार्टनर १४ ऑक्टोबर २०१२ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, रॉसवेल येथून हेलियमच्या फुग्याला लटकवलेल्या कुपीत बसून सुमारे ३९ किलोमीटर उंचीवर गेला आणि तिथून त्याने स्वतःला सोडून दिले. हे अंतर आडवे धरले तर जालन्याहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने करमाडच्या आसपास भरेल. पॅराशूट उघडेपर्यंत तो सव्वाचार मिनिटांहून थोडा अधिक काळ पडत होता. पहिल्या मिनिटातच त्याचा वेग ताशी १,३५७ किलोमीटरवर गेला. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर ठरतो. जमिनीजवळ तो ताशी सव्वाबाराशे किलोमीटरच्या घरात असतो आणि त्या उंचीवरच्या गारठ्यात अकराशेच्या खाली उतरतो. म्हणून हा माणूस तिथल्या ध्वनीच्या सव्वापट वेगाने पडला.

आता यावर आपली भाषा काय म्हणते? 'ध्वनीची भिंत फोडली.' वास्तविक तिथे भिंत नसते. ध्वनीचा वेग ओलांडल्याचा धमाका जमिनीवरच्यांनी ऐकला, पडणाऱ्याला तो क्षण जाणवलाही नाही. ज्याने 'भिंत फोडली' त्यालाच ती लागली नाही, आणि हा विस्मय रूपकाने गिळून टाकला. त्याहून मोठा विस्मय पुढे आहे. पडणारी वस्तू खाली येताना वेग घेत जाते हे आपण शाळेत शिकतो. हा माणूस मात्र खाली येता येता मंदावत गेला, कारण खालची हवा दाट होती. मध्यंतरी विरळ हवेत तो भिंगरीसारखा गरगरू लागला होता. तिथे हातपाय मारून काही उपयोग नसतो, कारण रेटा द्यायला हवाच नसते. तरीही त्याने अंग सावरले. यातले काय 'गरुडझेप' या शब्दात येते? काहीच नाही. तो शब्द न पाहता लिहिता येतो, हेच त्याचे सामर्थ्य.

आता दुसरा पक्ष. आपल्या परिसंवादांत तो अधिक प्रतिष्ठित आहे. त्याचे म्हणणे असे की हे सारे भांडवली तमाशे आहेत, एका पेयाची जाहिरात आहे, आणि इथे घशाला कोरड असताना आकाशातून उड्या मारणाऱ्यांचे कौतुक कसले? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. त्या उडीचा खर्च रेड बुलने केला होता आणि कंपनीचे नाव कुपीपासून पोशाखापर्यंत सर्वत्र होते. आणि २०१२ हे साल जालना जिल्ह्याला सांगावे लागत नाही. पाऊस दगा देऊन गेला होता, आणि पुढच्या उन्हाळ्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या.

पण या पक्षाला दोन गोष्टी विचारायला हव्यात. पहिली, जाहिरात वजा केली तर काय उरते हे तुम्ही पाहिले का? दोनच वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०१४ रोजी, अ‍ॅलन युस्टेस हा गूगलमधला वरिष्ठ अधिकारी त्याच रॉसवेलहून ४१,४१९ मीटरवर गेला. त्याला कुपी नव्हती. दाबयुक्त पोशाखात तो थेट फुग्याखाली लटकला होता. आधी गाजावाजा नव्हता, थेट प्रक्षेपणही नव्हते. तोही ध्वनीहून वेगाने पडला, आणि उंचीचा विक्रम आज त्याचाच आहे. जाहिरातीवर तुटून पडणाऱ्यांना हे नाव सहसा ठाऊक नसते. म्हणजे तेही जाहिरातच वाचत होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या दुष्काळाची साक्ष काढता, त्याचे तरी वर्णन तुम्ही केले का? 'भीषण' दुष्काळ, 'होरपळलेला' शेतकरी, 'भेगाळलेली' भुई. मोसंबीचे एक झाड चैत्र-वैशाखात जगवायला रोज किती लिटर पाणी लागते, टँकर किती लिटरचा, तो किती झाडांना पुरतो आणि उरलेल्यांतली कोणती झाडे आधी सोडायची, हा हिशेब बागायतदाराला तोंडपाठ असतो. आमच्या दुष्काळी कवितेत तो क्वचितच येतो. पडणाऱ्या माणसाला 'गरुड' म्हणणारी आणि वाळणाऱ्या झाडाला 'करुण' म्हणणारी लेखणी एकच आहे.

या दोन्ही पक्षांनी जोसेफ किटिंगरची हकीकत वाचावी. १६ ऑगस्ट १९६० रोजी हा अमेरिकी हवाई दलातला अधिकारी ३१ किलोमीटरहून अधिक उंचीवरून उडी मारायला गेला. अतिउंचीवर विमान सोडावे लागले तर वैमानिक जगेल का, हे तपासायचे होते. वर जाताना त्याच्या उजव्या हातमोज्यातला दाब टिकेना, हात सुजू लागला. खाली कळवले तर मोहीम थांबवतील म्हणून त्याने बराच वेळ ते सांगितलेच नाही. आदल्याच वर्षी, नोव्हेंबर १९५९ मध्ये, छोट्या पॅराशूटची दोरी गळ्याभोवती गुंडाळून तो शुद्ध हरपून गरगरत खाली आला होता. आपोआप उघडणाऱ्या छत्रीने त्याला वाचवले. बिघाडाची ही नोंद विक्रमाच्या शेजारीच जपली गेली, म्हणून बावन्न वर्षांनी बाउमगार्टनरच्या कानात मार्गदर्शनाचा आवाज त्याच किटिंगरचा होता.

याच्याशेजारी आमचा अभिमान ठेवून पाहा. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आम्ही मोठ्या प्रेमाने सांगतो. तिला विश्वासार्ह समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा हवाला देतात, त्यातली विमाने उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली काढला. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईतल्याच विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. जे घडल्याचा पुरावा नाही त्याच्यावर एवढी माया, आणि जे डोळ्यांदेखत घडले त्याचे काय?

पुण्याच्या शीतल महाजन यांनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांची पहिलीच उडी होती. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली थायलंडमध्ये त्या नऊवारी नेसून उडाल्या तेव्हा आम्हाला नऊवारी दिसली. वाऱ्यात ते लांबलचक वस्त्र पट्ट्यांत किंवा पॅराशूट उघडण्याच्या मुठीत अडकू नये म्हणून कसे बांधायचे, हा जिवावरचा प्रश्न कुणाला सुचला नाही. २०२३ साली एव्हरेस्टसमोर त्यांनी २१,५०० फुटांवरून उडी घेतली. सत्काराचे शब्द तेच राहिले.

मराठीला हे जमत नाही असे मात्र कुणी म्हणू नये. आमच्या गद्याचा आरंभच नोंदीतून झाला. 'लीळाचरित्रा'त प्रसंग कुठे घडला हे सांगितले जाते, आठवणीत फरक असेल तर पाठभेद नोंदवला जातो. 'स्थानपोथी' तर जागेची दिशासुद्धा सोडत नाही. 'बनगरवाडी'तले गाव दुष्काळात रिकामे होते ते विशेषणांच्या मदतीवाचून. हे ग्रंथ आम्ही एम.ए.ला शिकवतो आणि संध्याकाळी मानपत्र लिहायला बसतो.

विजयपत सिंघानिया २६ नोव्हेंबर २००५ रोजी, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून २१,०२७ मीटरवर गेले. ते उतरले नाशिक जिल्ह्यात, सिन्नरजवळच्या पांचाळे गावच्या शिवारात. आभाळातून एक बंद डबा आणि भलेमोठे कापड खाली येताना ज्यांनी पाहिले, त्यांतले तेव्हाचे विशीतले आज चाळिशीत आहेत. कापड कुणाच्या वावरात पडले, पीक कोणते उभे होते, आधी धावले कोण आणि घाबरून घरात शिरले कोण, हे विचारून लिहिलेले एकही मराठी पान माझ्या वाचनात आलेले नाही. 'उपयोजित मराठी'च्या प्रकल्पासाठी एखाद्या विद्यार्थ्याला वही देऊन तिकडे धाडायला एसटीचे भाडे तेवढे लागेल.