नाव कुणाच्या नावावर?

परवा आमच्या भिशीत एका वहिनींनी गोड्या मसाल्याची पाकिटं आणली. चव तीच, ओळखीची. पाकिटावरचं नाव मात्र नवं. बारा वर्षं गावात त्यांचा मसाला त्यांच्या स्वतःच्या नावानं विकला गेला, पण कागदपत्रं सगळी दिरांच्या नावावर. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मसाला कांडायचं मशीन, गिऱ्हाईक आणि पाकिटावरचं नाव, सगळं तिकडं गेलं. "माझंच नाव, आणि मलाच लावायची चोरी," वहिनी हसत म्हणाल्या. आम्हाला काही हसू आलं नाही.

मला लंडनच्या जो मलोन आठवल्या. शिक्षण अर्धवट सुटलेली ही बाई फेशियल करायची. गिऱ्हाइकांना भेट द्यायला म्हणून तिनं घरच्या स्वयंपाकघरात जायफळ-आल्याच्या वासाचं अंघोळीचं तेल बनवलं. (आपलं जायफळ श्रीखंडापलीकडे जात नाही!) एकीनं पार्टीसाठी एकदम शंभर बाटल्या मागवल्या आणि धंदा उभा राहिला. १९९४ मध्ये दुकान झालं, १९९९ मध्ये त्यांनी तो एस्टी लॉडर या बड्या अमेरिकन कंपनीला विकला. २००३ मध्ये स्तनाचा कर्करोग. त्यातून उठल्या आणि २००६ मध्ये कंपनीतून बाहेर पडल्या. अट अशी की, पाच वर्षं सुगंधाच्या धंद्यात पाऊल टाकायचं नाही. आणि बाटलीवरचं 'जो मलोन' हे नाव कंपनीचं झालेलं. बाहेर पडल्याचा पस्तावा झाला, हे त्यांनी पुढे मुलाखतींत मोकळेपणानं सांगितलं.

२०११ मध्ये त्यांनी 'जो लव्ह्ज' या नावानं पुन्हा सुरुवात केली. २०१३ मध्ये दुकान थाटलं, तेही सोळाव्या वर्षी जिथं त्या फुलं विकत होत्या त्याच जागेत!

पण खरं सांगू? जो बाईंनी पैसे घेऊन, सही करून नाव दिलं. आमच्या वहिनींना ना पैसे मिळाले, ना त्यांची सही कुणी मागितली. "घरातल्या घरात कसले कागद?" असं म्हणत आपण पापड लाटत राहतो. अहो, ट्रेडमार्कची नोंदणी बाईच्या नावावरही होते. ती दहा वर्षं चालते, मग पुन्हा वाढवता येते. खाद्यपदार्थाचा परवाना, बँकेचं खातं, सगळं आपल्या नावावर मागायला लाजायचं कशाला? प्रेम असतं तिथं कागदाचं काही बिघडत नाही.

वहिनींनी नव्या पाकिटावर आपल्या आईचं नाव घातलंय. अर्जावर सही मात्र स्वतःची. जुनं गिऱ्हाईक अजून सगळं परत आलेलं नाही. दुकानदार उधारीवर माल ठेवून घेतात, तेवढंच. भिशीतल्या आम्ही अकरा जणींनी दिवाळीपर्यंतचा मसाला आत्ताच सांगून ठेवलाय, रोखीनं.