डार्विन खरा की खोटा? उत्तर आमच्या कपाशीच्या बोंडात आहे

पोळ्याच्या आसपास आमच्या फॅमिली ग्रुपवर एक रील आली. "माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलाय का? डार्विन खोटा!" दहावीतल्या माझ्या चुलतभावाने खाली टाळ्यांच्या तीन इमोजी टाकल्या.

त्याच संध्याकाळी मोठेबाबा वावरातून आले ते हातात एक डोमकळी घेऊन. डोमकळी म्हणजे गुलाबासारखं मिटून राहिलेलं कपाशीचं फूल. आत गुलाबी बोंडअळी असल्याची ती खूण. मला म्हणाले, "बियाणं तेच, पिशवी तेच, मंग अळी काऊन मरत नाई? तू मोबाइलवर एवढं वाचतं, सांग न."

मी पांढरकवड्याचा. इथे घरचं लग्न, शाळेची फी, दवाखाना, सगळं कापसावर चालतं. आणि खरं सांगतो, रीलमधल्या प्रश्नाचं आणि मोठेबाबांच्या प्रश्नाचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं. चला, समजून घेऊ.

आधी वाद काय आहे?

उत्क्रांतीचं म्हणणं साधं आहे. एकाच जातीच्या जिवांमध्ये थोडेथोडे फरक असतात. ज्याचा फरक त्या परिस्थितीत कामी येतो तो जगतो, त्याची पिल्लं जास्त होतात आणि पुढच्या पिढ्यांमध्ये तो फरक वाढत जातो.

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणाले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि अभ्यासक्रमात बदल हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून ते खोडलं. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. टाळ्या देणाऱ्या भावाच्या दप्तरातच तो आहे!

आता वावरात या

बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक त्यात घातलेला असतो. त्यामुळे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. अळीने पान किंवा बोंड खाल्लं की हे प्रथिन तिच्या आतड्यात जाऊन एका जागी चिकटतं, कुलपात किल्ली बसावी तसं. आतड्याला भोकं पडतात आणि अळी मरते.

पण लाखो अळ्यांमध्ये एखादीचं कुलूप जन्मतःच थोडं वेगळं असतं. किल्ली बसत नाही, अळी जगते. सगळ्या शिवारात बीटीच असेल तर जगतात फक्त अशाच अळ्या. त्यांचे पतंग आपसातच जोड्या जमवणार आणि पिल्लंही तशीच निघणार. या अळीची एक पिढी साधारण महिनाभरात होते. फरदड ठेवली, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत कपाशी उभी राहिली, की तिला आणखी पिढ्या मिळतात.

झालंही तसंच. २०१० मध्ये गुजरातेतली गुलाबी बोंडअळी पहिल्या बीटीला दाद देत नाही, हे जाहीर झालं. २००६ मध्ये आलेल्या बोलगार्ड २ मध्ये दोन प्रथिनं होती. काही वर्षांत तीही तिने पचवली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते नोंदवलं.

मग आला २०१७ चा हंगाम. अळी वाढली तशी फवारणी वाढली. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्याला कारणं बरीच होती, पण न मरणाऱ्या किडी हे त्यातलं एक. मोठेबाबाही एक दिवस पंप पाठीवर असताना चक्कर येऊन धुऱ्यावर बसले. आम्हाला आजही तो दिवस आठवला की धस्स होतं.

तारखा बघा. मंत्री औरंगाबादला बोलले ते याच हंगामाच्या शेवटी. माकड कोणी पाहिलं की नाही माहीत नाही, पण उत्क्रांती आमचं अख्खं गाव पाहत होतं. फक्त तिचं नाव कोणी सांगितलं नव्हतं.

पिशवीतला धडा आम्ही फेकून दिला

असं होणार हे शास्त्रज्ञांना आधीच माहीत होतं. म्हणून ४५० ग्रॅम बीटीच्या पिशवीसोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं यायचं. ते भोवतीने पेरायचं. तिथे साध्या अळ्या जगतात. त्यांचे पतंग आणि बीटीतून वाचलेले पतंग यांच्या जोड्या जमल्या की पिल्लांकडे बदललेल्या जनुकाची एकच प्रत येते. वाचायला दोन लागतात. म्हणजे पिल्लं बीटीवर मरतात. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, त्यामुळे तिच्या साध्या अळ्या आपोआप टिकल्या. गुलाबी अळी मात्र जवळपास कपाशीवरच जगते, म्हणून तिच्यासाठी ही पेरणी फार गरजेची होती.

आमच्याकडे काय झालं? दुकानदार म्हणाला, "ते लहान पाकीट काही कामाचं नाही." आम्हीही फेकलं. अळीला मुद्दाम खाऊ घालायला कोण पेरणार? कारण समजलं असतं तर कदाचित पेरलं असतं.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी अशी पेरणी नेटाने केली, पुढे वांझ केलेले पतंगही सोडले. २०१८ मध्ये अमेरिकेची कपाशी गुलाबी बोंडअळीमुक्त जाहीर झाली. कीड तीच, बीटीचं तंत्रही तेच.

"अळीची अळीच राहिली ना?"

हे भावाने विचारलं, आणि प्रश्न बरोबर आहे. बोंडअळीवरून माणसाचे पूर्वज सिद्ध होत नाहीत. त्यासाठी जीवाश्म आणि डीएनए असे वेगळे पुरावे आहेत. शिवाय आजच्या माकडाचा माणूस झाला असं उत्क्रांती म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढंच.

पुराव्यासाठी लांब जायला नको. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथे डायनोसोरच्या काळातली दगड झालेली विष्ठा सापडली आणि २००५ मध्ये तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश मिळाले. त्याआधी शास्त्रज्ञांना वाटायचं की गवत डायनोसोर गेल्यानंतर पसरलं. पुरावा मिळाला तशी त्यांनी आपली चूक दुरुस्त केली.

दुसरीकडे 'इंटेलिजंट डिझाइन' म्हणतं की जीव इतका गुंतागुंतीचा आहे, म्हणजे कोणीतरी तो ठरवून बनवला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डोव्हर खटल्यात न्यायालयाने हे विज्ञान नाही असा निकाल दिला. माझी कसोटी सोपी आहे. बीटी कधी फसेल, काय पेरल्याने टिकेल, हे या विचारातून सांगता येतं का? उत्क्रांतीने ते पेरणीआधीच सांगितलं होतं.

मग देवाचं काय?

मोठेबाबा दर नवरात्रात केळापूरच्या जगदंबेला जातात. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "म्हंजे देव नाई म्हणतं का हे?" मी म्हटलं, नाही, त्याबद्दल हे काहीच म्हणत नाही. उत्क्रांतीच्या अभ्यासातलं मोठं नाव असलेले डोबझान्स्की स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. मोठेबाबा हसले. "देवीले मी घरच्यायची खुशाली मागतो. कोणतं बियाणं घेऊ, हे नाई विचारत."

या हंगामात काय करता येईल?

- हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात ८ च्या वर पतंग आले, तरच फवारणीचा विचार करा.
- डोमकळ्या दिसल्या की तोडून नष्ट करा.
- फरदड ठेवू नका.
- एकच औषध पुन्हा पुन्हा मारू नका. अळी त्यालाही सरावते, कारण वर सांगितलं तेच.
- सापळ्यातल्या पतंगांच्या फोटोवरून मोजणी करून सल्ला देणारं 'कॉटनएस' हे ॲप वाधवानी एआयने बनवलंय. मोजणी कॅमेरा करेल, पण रोज सापळा बघायला आपणच जायचं.

भावाने टाळ्या अजून काढलेल्या नाहीत. पण सध्या सकाळी सापळे मोजायला तोच जातो, आणि आकडे त्याच ग्रुपवर टाकतो.